सांभाळाचे तास : पनवेलमधील कमी मजुरीचे काम आणि आपले कुटुंबधोरण

महाराष्ट्रात बायकांसाठी योजना कमी नाहीत. पण या योजनांची यादी आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा दिवस शेजारी शेजारी ठेवला, की दोन्हींची गाठ क्वचितच पडते. योजना रुपयांत बोलते आणि तिची अडचण तासांची असते. दीड वर्षाचे मूल सकाळी सात ते अकरा कोणाजवळ ठेवायचे, या प्रश्नाला आपल्या कुटुंबधोरणात उत्तर नाही. कमी मजुरीवर चालणाऱ्या घराची गरिबी पैशाची असते तितकीच वेळेची असते, आणि जे धोरण आईला वेळ देत नाही ते त्याच घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी वेळ खाते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. बहुतेक वेळा हा वेळ मोठ्या मुलीचा असतो, कधी सासूचा आणि फार क्वचित बापाचा.

‘सांभाळ’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. मूल, आजारी माणूस आणि म्हातारे यांच्याकडे पाहणे हा त्याचा गाभा. त्यासाठी लागणारे पाणी, स्वयंपाक, धुणे आणि दवाखान्याच्या फेऱ्या हा त्याचा पसारा. यातले काही काम पगारावर होते, बरेचसे फुकट होते, आणि काही मानधनावर, म्हणजे दोन्हींच्या मधल्या अवस्थेत. या तिन्ही प्रकारांत बहुधा त्याच बायका दिसतात, आणि पनवेलसारख्या ठिकाणी त्यांना एकाच दिवसात तिन्ही प्रकार करताना पाहता येते.

पनवेलच का

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुने पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, खारघर, तळोजा आणि आजूबाजूची गावे तिच्या हद्दीत आली. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला गावठाणातल्या चाळी, पूर्वेला डोंगराकडे ठाकूर-कातकरी वाड्या, मध्ये एमआयडीसी आणि लोखंड बाजार, असे हे शहर आहे. कमी मजुरीच्या कामाचे जितके प्रकार महाराष्ट्रात आहेत, त्यातले बहुतेक येथे रिक्षाच्या एका फेरीत दिसतात.

या शहराच्या इतिहासातला एक पदर सांभाळाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. त्याआधी इथली बाई भातशेतीत, मिठागरात, खाडीच्या मासळीत राबत होती. ते काम हलके नव्हते आणि मजुरी तुटपुंजी होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण लावणीला गेलेल्या बाईला बांधावरच्या झाडाला झोळी बांधून तान्हे निजवता येत होते. काम आणि मूल एकमेकांच्या नजरेत होते. १९८४ च्या जानेवारीत या भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात माणसांनी प्राण दिले, दि. बा. पाटलांनी लढा उभा केला आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. हा विजय मोठाच होता. मात्र मोबदला जमिनीचा होता आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला तो मिळाला. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणाऱ्या बाईची मजुरी गेली आणि मुलाला सोबत ठेवून काम करण्याची सोयही गेली, याची नोंद कोणत्याच कागदावर होण्याचे कारण नव्हते. काम शेतातून ब्लॉकमध्ये, पाचव्या-सातव्या मजल्यावर गेले. तिथे मूल नेता येत नाही.

एक दिवस

आता घरकामाचा दिवस जवळून पाहू. हा कोणा एका बाईचा दिवस नाही. कामोठे, खांदा कॉलनी, नवीन पनवेल इथल्या बायकांकडून जो पुन्हा पुन्हा ऐकू येतो, त्याचा हा सांगाडा आहे.

पाणी पहाटे येते, म्हणून दिवस पहाटे सुरू होतो. सातला पहिले घर : भांडी, केर-लादी. त्या घरातली दोघेही सकाळच्या सीएसएमटी लोकलने निघणारी, त्यामुळे उशीर चालत नाही. दुसऱ्या घरी पोळ्या, त्या डबा भरायच्या आत झाल्या पाहिजेत. मग तिसरे घर, तिथे कपडे आणि बाथरूम. अकरानंतर चौथ्या घरी अर्धांगवायू झालेल्या आजोबांना आंघोळ घालणे, कूस बदलून देणे, जेवण भरवणे. दुपारी दोनच्या सुमारास ती स्वतःच्या घरी पोचते, आणि पाचला संध्याकाळच्या पोळ्यांसाठी पुन्हा बाहेर पडते. घरी परतते तेव्हा सात वाजून गेलेले असतात.

या दिवसाचा आकार नीट पाहण्यासारखा आहे. एकूण तास ऑफिसातल्या नोकरीपेक्षा फार वेगळे नाहीत, पण ते दोन तुकड्यांत मोडलेले आहेत आणि तुकडे नेमके त्या वेळी येतात जेव्हा तिच्या घरालाही तिची गरज असते : शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. दुसऱ्यांच्या घराचा गर्दीचा वेळ हाच तिच्या कामाचा वेळ, म्हणून स्वतःच्या घराच्या गर्दीच्या वेळी ती तिथे नसते. वेळेची टंचाई तासांच्या बेरजेतून कळत नाही, ती त्यांच्या जागेवरून कळते.

पैसे कामावर ठरतात, तासावर नाही. ‘भांड्यांचे इतके, लादीचे इतके’. मूल तापाने फणफणले की खाडा. एक खाडा पगारातून कापला जातो किंवा चांगली माणसे सोडून देतात, पण पाठोपाठ तीन-चार झाले की घर जाते, कारण गेटवर दुसरी बाई उभीच असते. म्हणून मूल आजारी असले तरी ती जाते, आणि त्या दिवशी पाचवीतली मुलगी शाळेत जात नाही. काही जणी मुलाला सोबत आणतात. सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये त्याची नोंद नसते, घरातल्या बाईंना ते आवडत नाही, मग मूल जिन्याच्या पायरीवर पार्लेचा पुडा घेऊन बसते आणि आई दर दहा मिनिटांनी दार उघडून पाहते.

दर दहा मिनिटांनी दार उघडून पाहणे हेदेखील काम आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांच्या सांभाळात भाग घेतात, पुरुष २१.४ टक्के. जे भाग घेतात त्यांत स्त्रिया दिवसाला साधारण १४० मिनिटे देतात आणि पुरुष ७४. बिनपगारी घरकामावर याच वयातल्या स्त्रियांची ३०५ मिनिटे जातात. आकडे मोलाचे आहेत आणि असे सर्वेक्षण सरकार करते हे चांगलेच आहे. पण हात दुसऱ्या कामात आणि कान मुलाकडे, ही जी अवस्था आहे ती मिनिटांत पकडणे अवघड असते. त्यामुळे हे आकडे तळाचे मानावेत, माथ्याचे नव्हे.

समाजशास्त्राने काय दाखवले

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ लिसा डॉडसन यांनी कमी मजुरीची कामे करणाऱ्या आयांच्या आयुष्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००९ मध्ये आलेल्या ‘द मॉरल अंडरग्राउंड’ या पुस्तकात त्यांनी एक अनपेक्षित गोष्ट मांडली. दुकानातले सुपरवायझर, शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातले कर्मचारी हे गरीब आईवडिलांसाठी गुपचूप नियम वाकवतात : उशिरा आलेल्याची हजेरी वेळेवर लावतात, मुलाला मागच्या खोलीत बसू देतात. पुढे ॲमांडा फ्रीमन यांच्यासोबत लिहिलेल्या २०२२ च्या पुस्तकात त्यांनी दाखवले, की आईच्या स्वस्त श्रमाच्या मागे घरातल्या मुलींचे श्रम उभे असतात आणि तिथूनच पुढच्या पिढीचे स्वस्त श्रम तयार होतात.

पनवेलला हे दोन्ही निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडतात. अंगणवाडी सुटल्यावर आई येईपर्यंत मुलाला थांबवून घेणारी मदतनीस, ‘आज लवकर जा, पोळ्या मी करते’ म्हणणारी घरमालकीण, शाळेत धाकट्या भावाला शेजारी बसवू देणारी बाई : आपली सांभाळाची व्यवस्था खरे तर अशा माणसांवर तगून आहे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याला अशी माणसे भेटत नाहीत त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. मर्जीवर चाललेली सोय मर्जी फिरली की बंद होते, आणि ती मागण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

भारतापुरते सर्वांत नेमके विवेचन रजनी पालरीवाला आणि एन. नीता यांचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सामाजिक विकास संशोधन संस्थेच्या सांभाळविषयक प्रकल्पासाठी त्यांनी काम केले आणि २०११ मध्ये भारतीय व्यवस्थेला ‘स्तरबद्ध कुटुंबवाद’ असे नाव दिले. त्याचा आशय असा : मुलाचा सांभाळ ही कुटुंबाची, म्हणजे बाईची जबाबदारी, असे राज्यसंस्था सगळ्यांबद्दल धरून चालते. वरच्या थरातले कुटुंब ती जबाबदारी पैसे देऊन दुसऱ्या बाईकडे सोपवू शकते. तळच्या थराला ती सोपवायला कोणी नसते, तरी अपेक्षा मात्र तीच असते. बँकेतल्या नोकरदार बाईचे आठ तास कामवालीच्या तासांवर उभे राहतात, आणि कामवालीचे तिच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या तासांवर. ही साखळी जिथे संपते तिथे शाळेचा हजेरीपट असतो.

यात मध्यमवर्गीय बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई होते, ती मला अन्यायाची वाटते. तीही पहाटे उठते, लोकलमध्ये उभी राहते आणि घरच्या म्हाताऱ्यांचे औषधपाणी बघते. दोघींच्या भांडणात ज्यांचे नावही निघत नाही असे दोन पक्ष आहेत : घरातला पुरुष आणि सरकार. पुरुषांबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. तळोज्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे बारा तासांची पाळी करणारा किंवा रात्रपाळीचा वॉचमन असलेला बाप घरी मूल सांभाळायला कधी उरतो? त्याची इच्छा आहे का, हा प्रश्न खराच आहे, पण कमी मजुरीमुळे ओव्हरटाइम हीच त्याची खरी कमाई होते आणि तो प्रश्न विचारण्यापर्यंत वेळच येत नाही.

कायद्याचे उंबरठे

पाळणाघराची कल्पना आपल्या कायद्यात नवी नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ३० पेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचे होते. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका एका साइटवर असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी सोय करणे बंधनकारक होते. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० हाच आकडा कायम आहे.

हे आकडे पनवेलवर ठेवून पाहा. ब्लॉकमधले घर हे एका बाईला कामावर ठेवणारे ‘आस्थापन’ आहे. दुकानात दोघी-तिघी. कारखान्यात बायका असतात त्या ठेकेदाराच्या हजेरीवर, आणि ठेकेदार एकटा नसतो. इमारतीच्या साइटवर बिगारी बायका आज वीस, पुढच्या आठवड्यात आठ. प्रत्येक उंबरठा अशा जागी आहे की कमी मजुरीची बाई त्याच्या बाहेरच राहते. शिवाय ‘तीसपेक्षा जास्त बायका झाल्या की पाळणाघर’ असा नियम केला, की तीसच बायका ठेवणे किंवा बायकाच न ठेवणे मालकाच्या सोयीचे होते. २०१७ च्या दुरुस्तीने बायकांऐवजी सगळे कर्मचारी मोजायला घेतले, ही त्यातली चांगली सुधारणा. पण उंबरठा उंबरठाच राहिला.

याला एक अपवाद आहे आणि त्याची दिशा वेगळी आहे म्हणून तो लक्षात ठेवावा. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यात तरतूद केली गेली, की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर एका बाईला त्यांना सांभाळायचे काम द्यावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. इथे आया मोजलेल्या नाहीत, मुले मोजलेली आहेत. सांभाळणे हे खड्डा खणण्याइतकेच मजुरीचे काम मानलेले आहे. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय, पण तत्त्व म्हणून ही तरतूद सगळ्या कामगार कायद्यांत सर्वांत शहाणी आहे, असे माझे मत आहे.

वीटभट्टीवर मात्र हे काहीच पोचत नाही. रायगडमधली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आधी उचल घेतलेली असते. काम नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि दाम हजार विटांमागे ठरते. विटांच्या संख्येवर पैसे मिळत असले, की मुलाला पाजायला बसलेली आई तेवढ्या विटा गमावते आणि सात-आठ वर्षांचे पोर ओल्या विटा उलटायला लागले तर तेवढ्या मिळवते. वाडीवरची अंगणवाडी वाडीवरच राहते आणि मूल भट्टीवर. मोडलेले तास आणि उक्ते दाम ही कमी मजुरीची दोन रूपे आहेत. एक आईला मुलापासून तोडते, दुसरे मुलालाच कामात ओढते.

राज्य जिथे स्वतः कमी मजुरी देते

अंगणवाडीचे मूळ मराठी मातीत आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे कोसबाडच्या डोंगरात हे काम वाढले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जायचे, ही ताराबाईंची कल्पना. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या निवडक भागांत सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे तिचे केंद्र झाले.

पण ही योजना पोषण आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाभोवती रचलेली आहे, आईच्या कामाच्या वेळेभोवती नाही. तीन ते सहा वर्षांची मुले काही तास बसतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो. म्हणजे ज्या वयात मुलाला एक क्षण एकटे सोडता येत नाही, नेमक्या त्या वयात अंगणवाडीत त्याला जागा नाही. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याचे धोरण आले आहे. दिशा योग्य आहे, पण वेगाचा आणि पैशाचा प्रश्न आहे.

आणि ही अंगणवाडी चालवते कोण? सेविका आणि मदतनीस. त्यांना पगार नाही, मानधन आहे, कारण सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत. वजने घेणे, नोंदी मोबाइलवर भरणे, गरोदर बायकांच्या घरी जाणे, मतदार याद्या, सर्वेक्षणे अशी कामे त्यांच्याकडे वर्षानुवर्षे साठत आली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या. किमान २६,००० रुपये आणि पेन्शन या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या आणि संप जानेवारीतही चालू होता. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला होता. त्यांचे काम पूर्णवेळ कामासारखेच आहे, हे न्यायालयाला दिसले.

यातून निघणारा निष्कर्ष कटू आहे. गरीब आईला वेळ देणारी जी एकमेव सार्वजनिक व्यवस्था आपल्याकडे आहे, ती दुसऱ्या गरीब बाईच्या अर्ध्या मजुरीवर चालते. सेविकेची स्वतःची मुले दुपारी कोणाजवळ असतात, हे योजनेच्या कोणत्याही रकान्यात विचारलेले नाही.

रोख रक्कम काय करते, काय करत नाही

जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये देण्याचे ठरले. या पैशाला नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. स्वतःच्या खात्यात येणारे पैसे घरातली बोलण्याची जागा बदलतात. भिशीचा हप्ता, मुलीची शिकवणी, एखाद्या खाड्याची भरपाई त्यातून होते. पण दिवसाला ५० रुपयांत मूल सांभाळणारी बाई मिळत नाही आणि बाजारात विश्वासाचे पाळणाघर जवळपास नसेल तर पैसे असूनही ते विकत घेता येत नाही. रोख रकमेने खाड्याचा घाव सौम्य होतो, खाड्याचे कारण तसेच राहते.

बाळंतपणाचा हिशेब तर अधिकच उघडा आहे. नोंदलेल्या नोकरीतल्या बाईला २६ आठवडे पूर्ण पगार. बाकीच्यांसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा हक्क सांगितला आणि मातृवंदना योजनेने तो पहिल्या मुलापुरता ५,००० वर आणला. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये अशी भर पडली. घरकाम करणारी बाई या रकमेवर किती आठवडे घरी बसेल, हे तिच्या चार घरांच्या पगाराशी भागून कोणीही काढू शकतो. शिवाय तिला जागा राखून ठेवण्याची हमी कुणाचीच नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे जवळपास शंभर वर्षांपूर्वी अधिक स्पष्ट बोलले गेले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, पण त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सुटता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. पनवेल तेव्हा मुंबई इलाख्याच्या कुलाबा जिल्ह्यात होते. तो कायदा कारखान्यांपुरता होता, तरी त्यामागचे तत्त्व कारखान्यापुरते नव्हते : जो श्रमाचा लाभ घेतो तो सांभाळाच्या खर्चाचाही भागीदार. आज घरकामाच्या बाबतीत हा भागीदार हिशेबातून वगळला गेला आहे.

कळंबोलीत सापडणारे उत्तर

‘एका बाईला चार-पाच मालक, कोणाकडून काय वसूल करणार?’ हा घरकामगारांच्या बाबतीतला नेहमीचा आक्षेप. महाराष्ट्राने या आक्षेपाला १९६९ मध्येच उत्तर दिले आहे आणि ते पनवेल महापालिकेच्या हद्दीतच, कळंबोलीच्या लोखंड बाजारात रोज काम करते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी मिळवलेला कायदा असा : हमालाला अनेक व्यापारी असतील, तर सगळे व्यापारी माथाडी मंडळाकडे मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरतील, मंडळ मजुरी वाटेल आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार देईल. मालक अनेक आणि बदलते असले तरी मालकाची जबाबदारी कायम राहते. १९८१ मध्ये हीच रचना खासगी सुरक्षारक्षकांना लावली गेली. एजन्सींना सवलती मिळून तिची धार कमी झाली, पण कायदा झाला.

घरकामगारांसाठी कायदा यायला २००८ उजाडले. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी आपणहून संप केला, संघटना उभी राहिली, आणि त्यानंतर जवळपास तीन दशकांनी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम झाला. नोंदणी, अपघातमदत, मुलांना शिष्यवृत्ती, प्रसूतीसाठी साहाय्य, अंत्यविधीसाठी साहाय्य असे त्याचे लाभ. कोरोनाच्या काळात २०२१ मध्ये नोंदणी असलेल्यांना १,५०० रुपये मिळाले ते या नोंदणीमुळेच. परंतु मालकावर माथाडीसारखी लेव्ही नाही, त्यामुळे मंडळ सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून असते. साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा, पगाराचा दर यांबद्दल हा कायदा बोलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्याचे निर्देश दिले.

एकाच घरातली विषमता पाहा. नवरा लोखंड बाजारात नोंदलेला माथाडी असेल तर त्याच्या नावाने निधी साठतो आणि बायको कामोठ्यात पाच घरी राबते तर तिच्या नावाने काहीच साठत नाही. ज्या गेटमधून ती आत जाते त्या गेटवरच्या वॉचमनसाठीही कायद्यात मंडळ आहे. फरक कामाच्या कष्टात नाही. पाठीवर ओझे वाहणे हे काम दिसते, आणि सांभाळणे हे ‘बायकांना येतेच’ असे धरले जाते, तिथे हा फरक आहे.

लेव्ही वसूल कशी होणार, यालाही पनवेलमध्ये उत्तर आहे. पूर्वी मोलकरीण कोणत्या घरी काम करते याची नोंद नसे. आता सोसायटीच्या गेटवर तिचा फोटो, मोबाइल नंबर, कोणत्या फ्लॅटमध्ये कधी गेली आणि कधी आली हे सगळे टिपले जाते. संशयासाठी जमवलेली ही माहिती हक्कासाठी वापरता येईल. दर महिन्याच्या मेंटेनन्स बिलात प्रत्येक नोंदलेल्या कामामागे छोटी रक्कम धरली आणि सोसायटीने ती मंडळाकडे भरली, तर पाच मालकांचा प्रश्न एका पावतीत सुटतो. घरे बाई ठेवणे बंद करतील, ही भीती मला अवाजवी वाटते. ज्या घरात दोघे सकाळची गाडी पकडतात तिथे पोळ्यांच्या बाईला पर्याय नाही, आणि रक्कम दिवाळीच्या बोनससारखी महिन्यांवर विभागली तर फार जाणवणार नाही. वयोवृद्ध एकट्या पेन्शनरांची घरे हा मात्र खरा अपवाद आहे. त्यांच्यासाठी सरकारने तो वाटा उचलावा, कारण तिथे सांभाळ घेणारा आणि देणारा दोघेही नाजूक स्थितीत असतात.

‘आजी असतेच की घरी’ हा पाळणाघराच्या मागणीवरचा दुसरा आक्षेप. गावठाणातल्या आगरी-कोळी घरांत ती बहुधा असते. मराठवाडा-विदर्भातून कामासाठी आलेल्या कुटुंबाची आजी गावी शेतावर असते, आणि इथे असलीच तर तीही कुठेतरी भांडी घासत असते.

पाळणाघर कुठे आणि कसे, हे महापालिकेच्या हातातले आहे. अंगणवाड्या आहेत, समाजमंदिरे आहेत, महिला व बालकल्याण समिती आहे, आणि तिच्या कामासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद ठेवण्याची पद्धत आहे. ती तरतूद शिलाई मशीन आणि प्रशिक्षण शिबिरांवर खर्च करण्यापेक्षा सकाळी साडेसहा ते रात्री आठ उघडे राहणाऱ्या पाळणाघरांवर करावी. मोडलेल्या तासांच्या बाईला सलग तासांसाठीच मूल घेणारे पाळणाघर उपयोगाचे नसते. सकाळी चार तास, संध्याकाळी तीन तास अशा हिशेबाने मूल ठेवता आले पाहिजे. प्रवेशाला आईच्या नोकरीचा दाखला मागू नये, तो तिच्याकडे नसतो. वस्तीत पाच मुले असली की एक केंद्र, हा रोजगार हमीचा हिशेब इथेही चालेल.

मग राहतो तो प्रश्न त्या पाळणाघरात मुले सांभाळणाऱ्या बाईचा. तिला मानधन द्यायचे की राज्याने जाहीर केलेले किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि निधी? पहिला पर्याय निवडला, तर पहाटे साडेसहाला दुसऱ्यांची मुले घ्यायला हजर होण्यासाठी तीही स्वतःच्या मुलीला शाळेतून घरी थांबवील.